बोलपटाचा पहिला नायक : मास्टर विठ्ठल

स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात एक प्रश्न हटकून सापडतो. भारतातील पहिला बोलपट कोणता? उत्तर सर्वांनाच पाठ आहे : ‘आलम आरा’. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, साल १९३१. पण त्या बोलपटाचा नायक कोण होता, असे मी आमच्या वर्गातील मित्रांना विचारले तेव्हा कोणाला सांगता आले नाही. खरे सांगायचे तर चार महिन्यांपूर्वी मलाही आले नसते. तो नायक मराठी होता, कोल्हापुरात तयार झालेला होता आणि त्याचे नाव मास्टर विठ्ठल. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

विठ्ठलने लहान वयातच नाटक कंपनीतून रंगभूमीवर पाऊल ठेवले. पुढे तो कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाला. ही कंपनी म्हणजे त्या काळची एक शाळाच होती. व्ही. शांतारामही तिथेच शिकले. ‘मी नट आहे, हे काम माझे नाही’ असे म्हणण्याची तिथे सोय नव्हती. मिळेल ते काम करावे लागे. विठ्ठलच्या वाट्याला प्रथम फिल्म कापण्या-जोडण्याचे काम आले. पडद्यावर तो पहिल्यांदा दिसला १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त, आणि तोही नर्तकीच्या वेषात! स्त्रिया सिनेमात काम करायला सहजी तयार होत नसत, म्हणून पुरुषांनाच लुगडे नेसावे लागे. पुढे ज्याच्या तलवारीवर पब्लिक शिट्ट्या मारणार होते, त्याची सुरुवात पायांत घुंगरू बांधून झाली, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे. पण विचार केला तर त्यात विसंगती नाही. नाच काय किंवा पट्टा काय, दोन्ही शरीराचीच विद्या.

१९२५ मध्ये मुंबईत भोगीलाल दवे व नानूभाई देसाई यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. १९२६ च्या ‘रतन मंजरी’त विठ्ठल नायक झाला आणि तिथून त्याचा खरा काळ सुरू झाला. शारदा कंपनीचे नाव देमारपटांसाठी गाजले. घोड्यावरून दौड, तटावरून उडी, एकट्याने दहाजणांशी तलवारबाजी, पळवून नेलेल्या राजकन्येची सुटका, असा सारा मामला. जेबुन्निसा ही नटी अनेकदा त्याची नायिका असे. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. फेअरबँक्स हा अमेरिकेतील साहसपटांचा राजा, आणि त्याचा ‘थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) आपल्याकडेही तुफान चालला होता. मूकपटांच्या काळात देशात सर्वांत जास्त पगार घेणारा नट म्हणून विठ्ठलचे नाव घेतले जाते.

ही लोकप्रियता नुसती पैलवानकीची नव्हती. मूकपटाला भाषा नसते. पडद्यावर मधूनमधून पाट्या येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी आणि पुढे बसलेले पेटी-तबलावाले प्रसंगाप्रमाणे वाजवीत. त्यामुळे कोल्हापूरचा गडी लाहोरातही नायक आणि मद्रासेतही नायक. त्याला हिंदी येते का, उर्दू येते का, त्याचे उच्चार कसे आहेत, असे कोणी विचारतच नव्हते. उडी कशी मारतो एवढेच लोक पाहत.

मग सिनेमा बोलू लागला.

इंपिरियल कंपनीच्या अर्देशिर इराणींनी बोलपट करायचे ठरवले. नायकाच्या भूमिकेसाठी मेहबूब खान यांचेही नाव होते (तेच पुढे ‘मदर इंडिया’चे दिग्दर्शक झाले), पण पब्लिक खेचणारा नट हवा म्हणून विठ्ठलला घेतले. तो शारदा कंपनीशी कराराने बांधलेला होता. कंपनीने कोर्टात धाव घेतली. विठ्ठलच्या बाजूने वकील उभे राहिले ते बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि विठ्ठल जिंकला. ज्या जीनांची ओळख आपल्याला इतिहासाच्या पेपरात होते, त्यांनी एका मराठी देमारपट नटाचा खटला चालवला होता, हे वाचून मी पान उलटून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

खटला जिंकला, पण पुढचा पेच कोणा बॅरिस्टरला सोडवता येण्यासारखा नव्हता. ‘आलम आरा’ची भाषा हिंदुस्थानी, उर्दूच्या वळणाची, मूळ कथा पारशी रंगभूमीवरील जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकाची. विठ्ठलची जीभ मराठी. तिला ते उच्चार वळेनात. शेवटी त्याचे संवाद कमी केले आणि भूमिकेचा बराच भाग तंद्रीत असल्यासारखा ठेवला, असे सांगतात. कथाही त्याला सोयीची होती. राजपुत्राचा जीव एका माळेत अडकलेला. माळ भलत्याच्या हाती पडली की राजपुत्र निष्प्राण. देशातला सर्वांत चपळ नट देशातल्या पहिल्या बोलपटात आडवा निजून राहिला!

त्यात तंत्राची अडचण वेगळीच. स्टुडिओजवळून रेल्वे जात असे. गाड्यांचा आवाज चित्रीकरणात येऊ नये म्हणून रात्री उशिरा गाड्या थांबल्यावर काम चाले. मायक्रोफोन कुठेतरी लपवून ठेवायचे आणि नटाने त्यांच्या टप्प्यातच उभे राहून बोलायचे. मूकपटात घोडा कितीही दूर पळवा, कॅमेरावाला हाताने कळ फिरवीत असे. त्याने कळ जरा सावकाश फिरवली की पडद्यावर दौड अधिकच वेगवान दिसे. आता मात्र दोन पावले बाजूला सरकले की आवाज गेला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात चित्रपट लागला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना गेले. लोक बोलणारा, गाणारा सिनेमा ऐकायला आले होते. विठ्ठलची उडी पाहायला नव्हे.

हा भाग वाचताना मला माझीच आठवण झाली. मी लोणी देवकरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अकरावीत एका वक्तृत्व स्पर्धेत मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो आणि पुढच्या दोन रांगा हसल्या. विषय दुष्काळाचा होता. तो मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होता, पण त्या दिवशी मोजले गेले ते उच्चार. असो. विषयांतर झाले.

बोलपटाने अडचणीत आलेला विठ्ठल काही एकटा नव्हता. मूकपटांतील विख्यात सुलोचना (रूबी मायर्स) हिला वर्षभर काम थांबवून हिंदुस्थानी शिकावी लागली. अमेरिकेत टॉम मिक्स हा घोडेस्वारांच्या चित्रपटांचा बादशहा. बोलपट आल्यावर त्याने थोडेच चित्रपट केले आणि अधिक काळ सर्कशीत काढला. सर्वांत लक्षात राहण्याजोगी हकीकत याकिमा कॅनटची. हा मूळचा रोडिओतला, म्हणजे बिथरलेल्या घोड्यांवर मांड ठोकण्याच्या शर्यतींतला विजेता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी आरमारात असताना तापाने त्याचा घसा कायमचा बिघडला. मूकपटात ते खपून गेले. बोलपटात त्या आवाजाचा नायक कोणी घेईना. तेव्हा त्याने बोलणे इतरांवर सोडले आणि पडणे-झडणे स्वतःकडे घेतले. ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) धावत्या गाडीच्या घोड्यांवर उडी घेऊन, मग खाली पडून, घोड्यांच्या टापांमधून आणि गाडीखालून तो सरळ जातो. ‘बेन हर’मधील (१९५९) रथांची शर्यत त्यानेच बसवली. १९६७ साली त्याला मानाचे ऑस्कर देण्यात आले.

विठ्ठलने दुसरा मार्ग धरला. जी भाषा आपली, त्या भाषेच्या चित्रपटांकडे तो वळला. १९३३ मध्ये त्याने ‘आवारा शहजादा’ दिग्दर्शित केला. त्यात राजपुत्र आणि भिकारी अशी दुहेरी भूमिका शाहू मोडकांची होती. मग ‘छत्रपती संभाजी’ (१९३४), भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) असे मराठी ऐतिहासिक चित्रपट आले. इथे घोडा होता, तलवार होती आणि बोलायचे ते मराठीत. माझ्या मते हा त्याचा पराभव मुळीच नव्हे. हिंदी पडद्यावरचे पहिले स्थान गेले हे खरे. पण मराठी ऐतिहासिक चित्रपटाला घोडदौड आणि हातघाई कशी दाखवावी, हे येणारा तयार माणूस आयता मिळाला. मात्र पुढेपुढे त्याच्या भूमिका लहान होत गेल्या. वयाबरोबर उडी आखडते, आणि ज्याचे भांडवल उडी हेच, त्याला म्हातारपणी चरित्रनट होणे इतरांपेक्षा जड जाते. १९६९ मध्ये त्याचे निधन झाले.

माझे आजोबा सांगतात की, जत्रेत तंबूतला सिनेमा आला की पडद्यासमोर जमिनीवर बसायला पोरांची झुंबड उडे. घोडे दौडत आले की पुढची पोरे खरोखर मागे सरकत. नटांची नावे त्यांना एकदोनच आठवतात, पण कोण कसा लढायचा हे ते काठी हातात घेऊन करून दाखवतात.

‘आलम आरा’ आज पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. उरली ती काही छायाचित्रे. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. त्या वेळचा देमारपट कसा असे हे पाहायचे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९३१ चा ‘दिलेर जिगर’ जपलेला आहे. दिग्दर्शक जी. पी. पवार, नायिका तरुण ललिता पवार. त्यात विठ्ठल नाही, पण उड्या आहेत.