मिसिंग कधी येते, ते आधी पाहा

प्रश्न : माझी १९९७ची मारुती ८०० (कार्बोरेटरवाली) अधूनमधून मिसिंग मारते. पाटसपर्यंत छान जाते, तर कधी वरवंडच्या चौकातच झटके देते. गॅरेजमध्ये नेली की ठणठणीत! प्लग बदलले, फरक नाही. काय करावे? – एक वाचक, वरवंड

उत्तर : अधूनमधून येणारा दोष पार्ट बदलून नव्हे, वेळ टिपून सापडतो. आठवडाभर वहीत लिहा : इंजिन थंड की गरम, हवा दमट की कोरडी, चढ की सपाट रस्ता.

दमट पहाटे त्रास होत असेल, तर प्लगच्या वायर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी संशयित. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. करंट गळत असेल तिथे निळसर ठिणगी दिसते. हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. टोपीच्या आतली केसासारखी काळी रेघ म्हणजे तडा.

गरम झाल्यावरच त्रास होत असेल, तर इग्निशन कॉइल तपासा. वेग घेतानाच झटके येत असतील, तर पेट्रोल फिल्टर आणि पंप पाहा.

तीन सिलिंडरपैकी दोषी कोणता? इंजिन बंद करून एक वायर काढा, तिला जुना प्लग लावून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवा, मग सुरू करा. आवाजात फरक पडला नाही, तर तोच सिलिंडर आळशी. त्याचा प्लग शेजारच्याशी बदला. दोष सोबत गेला तर प्लगच खराब, नाहीतर वायर किंवा कॉम्प्रेशन पाहा.