दोन इंजिनांची मोटार

कर्जतहून बोरघाट चढताना अनेक आगगाड्यांना मागूनही इंजिने लावतात. पुढची ओढतात, मागची रेटतात. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९५८ साली अशीच युक्ती एका चिमुकल्या मोटारीत योजली. तिचे नाव सहारा. पुढच्या चाकांना एक इंजिन, मागच्या चाकांना दुसरे. प्रत्येक अवघे ४२५ घनसेंटिमीटरचे! पेट्रोलच्या टाक्याही दोन. क्लचचे पेडल व गिअरचा दांडा मात्र एकच. नाहीतर बिचाऱ्या चालकाची केवढी तारांबळ उडाली असती! रेतीत चारही चाके जोर लावीत. भर वाळवंटात एक इंजिन बंद पडले, तरी दुसऱ्याच्या बळावर वस्ती गाठण्याची आशा राही. परंतु किंमत साध्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून अशा मोटारी सातशेसुद्धा निघाल्या नाहीत.