गॅसजवळचा टॉवेल

चि. बाळीस,



परवा वहिनीचा फोन आला होता. बोलता बोलता तिने सहज सांगितलं, की सोसायटीच्या प्रदर्शनात तू विकलेल्या टॉवेलांपैकी एकाची लेस कुकर उतरवताना बर्नरला लागली, आकसली, वितळली आणि घेणाऱ्या बाईंच्या अंगठ्याला चिकटली. फोड आला होता, आता बरा आहे. वहिनीच्या लेखी विषय तिथे संपला. आत्याला मात्र त्या रात्री धड झोप लागली नाही. त्यात दिवाळीसाठी तू आणखी टॉवेल करायला घेतलेस हेही कळलं, म्हणून हे पत्र.

न शिवता टॉवेल करतेस याला आत्या कधीच नाक मुरडणार नाही. आपल्या घरात उपरणी आणि पंचे मशीनवर कोणी नेले होते? कापडाचे आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे, उरलेल्या उभ्या धाग्यांचे जुडगे करायचे, त्यांना पीळ देऊन गाठी मारायच्या, की झाल्या दशा. सुई लागत नाही, गोंद लागत नाही आणि वर्षानुवर्षं धुतलं तरी कापड उसवत नाही. मागावरच्या कापडाचे दोन्ही काठ मुळातच पक्के असतात, कारण आडवा धागा तिथून वळून परत येतो. सुटतात त्या फक्त कापलेल्या दोन बाजू. एवढं ध्यानात ठेवलंस तर निम्मं काम वाचतं. तू मात्र चारही बाजूंना ग्लू गनने नायलॉनची लेस लावलीस.

ती लेस गॅसशेजारी लटकणार हे मनात कसं आलं नाही गं तुझ्या?

रागावून लिहिते आहे, पण कारण समजून घे. पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं आणि नायलॉनही फारसं मागे नाही. गॅसची ज्योत हजार अंशांच्या कितीतरी वर असते. सुती कापडही पेटतं, पण त्याची राख होते. कृत्रिम धाग्याचा तापलेला थेंब होतो आणि तो कातडीला धरून बसतो. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी एक धागा काढून, सिंकवर चिमट्यात धरून, काडीने जाळून बघ. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख बोटाने चुरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं आणि टोकाला कडक मणी उरतो. प्रत्येक नव्या कापडाला, प्रत्येक लेसला ही परीक्षा हवी.

गोंदाचंही तेच. ग्लू गनमधला गोंद 120 ते 190 अंशांच्या दरम्यान पातळ होऊन बाहेर येतो, पण घट्ट झाल्यावर त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला मऊ पडतो. कढत पाण्यात धुतलेल्या टॉवेलाची लेस सुटली, अशी तक्रार तुझ्याकडे आली असेलच. शाळेत हस्तकलेला वापरतात तो पांढरा गोंद तर पाण्याने पुन्हा ओला होतो. न शिवता कडा दुमडायचीच असेल तर इस्त्रीने चिकटणारी जाळीदार पट्टी मिळते, ती घे. आधी कापड गरम पाण्यात धुऊन वाळव. त्याची खळ निघते आणि जे आटायचं ते आधीच आटतं. मग पट्टी दुमडीच्या आत पूर्ण झाक, वरून ओलसर फडकं घाल आणि इस्त्री दाबून धर. इस्त्री फिरवलीस तर पट्टी सरकते. थंड होईपर्यंत हात लावू नकोस. ही पट्टीही कृत्रिमच, म्हणून ती सुती घडीबाहेर डोकावता कामा नये. आणि ती जिथे असते तिथे कापड पाणी नीट शोषत नाही, तेव्हा सजावट एका टोकाला ठेव, टॉवेलभर पसरू नकोस.

चमकी आणि टिकल्या नकोतच. त्याच फडक्यात कोणी पोळ्या गुंडाळून ठेवेल.

रंगच हवा असेल तर ठसे उमटव. भेंडी आडवी कापली की आयतं फूल मिळतं, बटाट्यावर कोयरी कोरता येते. 1931 साली दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनचे कापडाचे रंग तर तू शाळेपासून वापरतेस. ठसा सपाट विणीवर घे. सोलापुरी टर्किश टॉवेलाच्या फाशांवर तो फुटतो, ते फासे पाणी टिपण्यासाठी असतात. पुरता एक दिवस वाळू दे, मग उलट बाजूने गरम इस्त्री फिरव. जुन्या सुती साडीचा काठ जाळीदार पट्टीने चिकटवलास तर तोही शोभेल. फक्त आधी काडीची परीक्षा.

आत्या तुझ्या वयाची होती तेव्हा नायलॉनच्या साड्यांचं वेड होतं. रॉकेलचा स्टो पेटवताना ती साडी नेसू नकोस म्हणून आजी रोज कानीकपाळी ओरडायची आणि आत्या रोज उलट उत्तर द्यायची. आजी दुपारी पायरीवर बसून आजोबांच्या उपरण्याच्या दशा वळायची. तिची एक दुहेरी पिळाची गाठ होती, ती कधीच सैल पडली नाही. “जरा बस, शिकवते,” म्हणायची. आत्याला सिनेमाला जायचं असायचं. ती गाठ आता आपल्या घरात कोणालाच येत नाही. साध्या गाठीच्या दशा वळताना आत्याला अजून तिची ती हाक आठवते आणि आपण बसलो का नाही, हे काही केल्या उमगत नाही.

म्हणून तुझं हे वेड आत्याला मनापासून आवडतं. तुझा हात आजीवर गेलाय, रंगाची समजही तिचीच. दशाही लांब ठेवू नकोस हं, अर्ध्या इंचावर आखूड काप. लांब झालरीचे टॉवेल जेवणाच्या टेबलाला ठीक, गॅसपाशी नकोत. आणि त्या बाईंना एक नवा सुती टॉवेल स्वतः नेऊन दे, चौकशी कर.

आणखी एक. वहिनी म्हणाली, तुझ्या तर्जनीला पट्टी आहे आणि विचारलं तर सांगत नाहीस. ग्लू गननेच भाजलं ना? पुन्हा कधी भाजलं तर गोंद ओढून काढू नकोस, बोट वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धर. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. आताची जखम चिघळली असेल तर आजच डॉक्टरांना दाखव, पैशांचा विचार करू नकोस.

शनिवारी इकडेच ये. माडीवरच्या पेटीत पंच्याचं जाड कापड आहे, इचलकरंजीहून आणलेलं, ते सगळं तुझंच. इस्त्री आत्या करेल, तू नुसते ठसे मार. बोट दुखत असेल तर तेही राहू दे, जेवून जा.

तुझी,
आत्या