वॅट विकू नका, जोड जुळवून द्या
घरच्या उघड्या पाठीच्या हेडफोनसाठी अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा?

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. तेथील बाजारात डब्याचे झाकण मागितले, तर जाणता दुकानदार आधी विचारतो, "तोंड केवढे आहे?" डबा सोबत असेल तर झाकण लावून पाहतो, नसेल तर माप आणायला सांगतो. माप न घेता महागाचे झाकण गळ्यात मारणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ही साधी गोष्ट भांड्यांच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. पण हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर विकताना मात्र माप विचारण्याची पद्धत अजून आपल्याकडे फारशी पडलेली नाही.

आमच्या वाचकांत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे, मोबाइलचे सामान विकणारे, लग्नात आणि जलशात माईक-भोंगा लावणारे असे अनेक कारागीर आहेत. त्यांच्यासमोर आता एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. पवनी, लाखनी किंवा तुमसरचा एखादा तरुण पैसे साठवून चांगला हेडफोन मागवतो. मोबाइलला जोडतो, तर आवाज बारीक येतो. मग तो दुकानात येतो आणि म्हणतो, "चाचा, याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो म्हणतात, द्या एखादा." या क्षणी दुकानदार काय देतो, यावर त्या मुलाचे पैसे, त्याचा हेडफोन, कधी कधी त्याचे कानही अवलंबून असतात. म्हणून आजचा धडा या विषयावर.

उघडी पाठ म्हणजे काय?

साध्या हेडफोनच्या वाट्या मागून बंद असतात. उघड्या पाठीच्या, म्हणजे ओपन बॅक हेडफोनच्या वाट्यांना मागे जाळी असते. पडद्याच्या मागचा आवाज वाटीत कोंडत नाही, बाहेर निघून जातो. त्यामुळे गाणे मोकळे वाटते, समोर बसून ऐकल्यासारखे. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ हा हेडफोन काढला, तेव्हापासून हा प्रकार घरोघरी माहीत झाला.

याचे फायदे-तोटे विकण्याआधीच सांगावेत. फायदा असा की कान कोंडत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. दारावरची हाक, मुलाचे रडणेही ऐकू येते. तोटा असा की जसे बाहेरचे आत येते, तसे आतले बाहेर जाते. ज्या घरात एकाच खोलीत सारे झोपतात, तेथे रात्री याचा उपयोग नाही. शेजारी झोपलेल्याला गाणे ऐकू येईल. अशा गिऱ्हाइकाला बंद वाटीचाच हेडफोन घ्यायला सांगावे. एक विक्री बुडेल, पण शब्द राहील.

दोन आकडे आधी विचारा

भोंगा लावणारा कारागीर युनिट किती ओहमचे हे पाहिल्याशिवाय तार जोडत नाही. १६ ओहमचे युनिट ४ ओहमच्या टोकाला लावले तर आवाज पडतो, ४ ओहमचा भार १६ च्या टोकाला लावला तर मशीन तापते. हेडफोनलाही असाच ओहमचा आकडा असतो. पण येथे तो एकटा पुरत नाही. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एक मिलिवॅट ताकद दिली असता किती डेसिबल आवाज निघतो तो. दोन्ही आकडे डब्यावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेले असतात.

डेसिबलचा हिशेब तोंडी करता येतो. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर ताकद दुप्पट लागते, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. ऐकताना सरासरी आवाज ७५ ते ८० डेसिबल ठेवला, तरी तबल्याची थाप किंवा गायकाची चढी तान त्याहून बरीच वर उसळते. ती न फाटता यावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ११० डेसिबलपर्यंतची ताकद शिल्लक असावी, असे धरून चालू. याचा अर्थ ११० वर ऐकावे असा नव्हे. बैलगाडीचा दांडा नेहमीच्या ओझ्यापेक्षा मजबूत ठेवतात, तसे हे आहे.

आता तीन खऱ्या हेडफोनचे गणित मांडू. तिन्ही उघड्या पाठीचे आहेत.

पहिला, फिलिप्सचा एसएचपी ९५००. ओहम ३२, सेन्सिटिव्हिटी १०१ डेसिबल. ११० ला ९ डेसिबल कमी. तीन-तीन-तीन, म्हणजे दुप्पट, त्याची दुप्पट, त्याचीही दुप्पट. एकूण ८ मिलिवॅट.

दुसरा, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो. ओहम २५०, सेन्सिटिव्हिटी ९६ डेसिबल. १४ डेसिबल कमी, म्हणून ताकद २५ मिलिवॅट.

आता ताकदीवरून व्होल्ट काढू. वॅटला ओहमने गुणावे आणि वर्गमूळ काढावे. दुसऱ्या हेडफोनसाठी ०.०२५ गुणिले २५०, म्हणजे ६.२५, त्याचे वर्गमूळ २.५ व्होल्ट. पहिल्यासाठी याच रीतीने सुमारे अर्धा व्होल्ट येतो. मोबाइलच्या जॅकमधून किंवा मोबाइलला लावायच्या छोट्या डॉंगलमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. म्हणजे पहिल्या हेडफोनला वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची गरजच नाही. दुसऱ्याला एका व्होल्टवर १०२ डेसिबलपर्यंत जाता येते. मोठ्याने रेकॉर्ड केलेले सिनेमाचे गाणे चालून जाईल, पण हळू रेकॉर्ड झालेली जुनी गझल बारीक वाटेल. त्याला छोटा अ‍ॅम्प्लिफायर द्यावा.

तिसरा हेडफोन डोळे उघडणारा आहे. हायफायमन कंपनीचा एचई-६. ओहम फक्त ५०, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की मोबाइलवर सहज चालेल. पण सेन्सिटिव्हिटी ८३.५ डेसिबल. ११० ला २६.५ डेसिबल कमी पडतात, म्हणजे ताकद सुमारे ४५० मिलिवॅट, दाब सुमारे ४.७ व्होल्ट आणि करंट सुमारे ९५ मिलिअँपिअर. फिलिप्सच्या पन्नास पटीहून जास्त ताकद! म्हणून केवळ ओहम पाहून हो किंवा नाही म्हणू नये.

आणखी एक सावधगिरी. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटऐवजी एका व्होल्टवर देतात. ३२ ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट म्हणजे सुमारे ३१ मिलिवॅट होतात. दोन्ही आकड्यांत १५ डेसिबलचा फरक पडतो. तेव्हा आकड्यापुढे काय छापले आहे ते वाचावे, मगच तुलना करावी.

तिसरा आकडा अ‍ॅम्प्लिफायरचा

अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातही थोडे ओहम असतात. त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून जास्त नसावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत, २५० ओहमच्या हेडफोनला ३१ ओहमपर्यंत चालेल.

पुष्कळ जुन्या स्टीरिओ मशीनमध्ये हेडफोनचा जॅक स्पीकरच्या लाइनवरूनच, मध्ये शंभर किंवा अधिक ओहमचा रेझिस्टर घालून काढलेला असतो. अशा जॅकला ३२ ओहमचा हेडफोन लावला की आवाजाचा तोल बिघडतो. कारण हेडफोनचे ओहम प्रत्येक सुराला सारखे नसतात. समजा रेझिस्टर १२० ओहमचा आहे आणि हेडफोनचे ओहम खालच्या सुरात ३२ चे ६४ होतात. तर त्या सुरांना चार डेसिबलहून अधिक वाटा जास्त मिळतो. ढोलक घुमते आणि गायक मागे जातो. गिऱ्हाईक हेडफोनला दोष देते, पण दोष जोडीचा असतो.

हा आकडा छापलेला नसेल तर दुकानात मोजता येतो. मोबाइलवरून १०० हर्ट्झचा सूर वाजवावा. हेडफोन न लावता जॅकवर एसी व्होल्ट मोजावे. मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजावे. समजा आधी ०.५० आणि नंतर ०.४० व्होल्ट आले. फरक ०.१०, त्याला ०.४० ने भागून ३३ ने गुणावे. उत्तर सव्वाआठ ओहम. मात्र मीटर २ व्होल्टच्या एसी रेंजचा हवा. बाजारातल्या स्वस्त मीटरची सर्वात खालची एसी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर अर्धा व्होल्ट नीट वाचता येत नाही.

मोठे मशीन देण्याची चूक

"जास्त वॅट म्हणजे चांगला माल" ही समजूत भोंग्याच्या धंद्यातून आली आहे. झाडीपट्टीच्या नाटकाला हजारो माणसांपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो, तेथे ती खरीही आहे. कानापासून बोटभर अंतरावरच्या पडद्याला ती लागू नाही. ८ ओहमवर ५० वॅट देणारे मशीन २० व्होल्टपर्यंत जाते. डीटी ९९० प्रोला ते पूर्ण मिळाले तर १.६ वॅट होतात. हा हेडफोन सोसतो १०० मिलिवॅट. म्हणजे सोळापट! एखाद्या पोराने खुंटी चुकून फिरवली तर गुंडाळी जळालीच समजा. माईक मशीनच्या १०० व्होल्टच्या लाइनला तर हेडफोन स्वप्नातही लावू नये.

घरी बोर्ड जोडून अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कारागिरांसाठी खास सूचना. टीडीए ७२९७ आणि पीएएम ८४०३ हे बोर्ड सगळीकडे मिळतात, पण ते ब्रिज पद्धतीचे आहेत. त्यांच्या स्पीकरच्या उणे टोकाला ग्राउंड समजू नये. हेडफोनच्या साध्या तीन भागांच्या पिनमध्ये डाव्या-उजव्या बाजूचे उणे एकच असते. ती पिन या बोर्डांना जोडली की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. हे बोर्ड स्पीकरसाठी ठेवावेत.

ज्याला स्वतः बनवायची हौस आहे, त्याने ओ टू नावाची रचना पाहावी. २०११ साली एका टोपणनावाने लिहिणाऱ्या इंजिनियरने ती सर्वांसाठी खुली केली. एनजेएम ४५५६ ही आयसी, साधे पायांचे सुटे भाग, आउटपुट इम्पिडन्स सुमारे अर्धा ओहम. रचनेत फेरफार करायचा नाही आणि मूळ रचनाकाराचा उल्लेख ठेवायचा, एवढ्या अटींवर कोणीही ती बनवू शकतो. सोल्डरचा हात स्वच्छ असलेल्या कारागिराला हे काम जड नाही. तयार झाल्यावर जॅकवरचे डीसी व्होल्ट अवश्य मोजावे. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच हेडफोन लावावा.

दुकानातली परीक्षा

विकण्याआधी पुढील चार गोष्टी गिऱ्हाइकासमोर कराव्यात.

१) गाणे न लावता आवाजाची खुंटी नेहमीच्या जागी ठेवून ऐकावे. सूं असा आवाज आला तर त्या हेडफोनला त्या मशीनचा गेन जास्त होतो. गेनचे बटण असेल तर खालचा गेन लावावा.

२) खुंटी कोठे राहते ते पाहावे. थोडी फिरवताच कान फाटत असतील तर जोड चुकली. खुंटीच्या अगदी सुरुवातीला डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे. खुंटी मध्याच्या आसपास राहावी.

३) घूं आवाज आला तर लगेच मशीन बदलू नये. चार्जर काढून पाहावे. आवाज थांबला तर दोष चार्जरचा किंवा घरच्या अर्थिंगचा. जुन्या घरांत तिसऱ्या पिनची तार पुष्कळदा नुसतीच लोंबत असते.

४) हळू रेकॉर्ड झालेले एक आणि मोठ्याने रेकॉर्ड झालेले एक, अशी दोन गाणी गिऱ्हाइकाच्याच मोबाइलवरून लावावीत. दोन्ही समाधानाने ऐकू आली तर त्याला सांगावे, "तुला अ‍ॅम्प्लिफायर नको."

कानाचे माप

शेवटी सर्वात महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास अशी मर्यादा दिली आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ वर २० तास, ८६ वर १० तास, ८९ वर फक्त ५ तास. मुलांसाठी मर्यादा याहूनही खाली, ७५ डेसिबलची आहे. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कूलरचा आणि पंख्याचा आवाज आत येतो, आणि तो दाबण्यासाठी हात आपोआप खुंटीकडे जातो. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात हेच घडते. अ‍ॅम्प्लिफायर जोडल्यावर हात आणखी पुढे जाऊ शकतो. म्हणून मशीन देतानाच सांगावे की कूलरशी शर्यत लावू नको. खुंटी कोठपर्यंत न्यावी, तेथे एक खूण करून द्यावी. गेलेले ऐकणे कोणत्याही दुकानात दुरुस्त होत नाही.

दुकानाच्या काउंटरवर एक छोटी वही ठेवावी. हेडफोनचे ओहम, सेन्सिटिव्हिटी, लागणारे व्होल्ट आणि दिलेले मशीन, एवढे चार रकाने पुरेत. वर्षभरात ती वही तुमचीच किताब होईल, आणि पुढचे गिऱ्हाईक आले की माप आधीच तयार असेल. नागपूरच्या बाजारात माल जास्त मिळेल, भावही कदाचित कमी मिळेल. पण "तुला याची गरज नाही" हे गणित मांडून सांगणारा दुकानदार आपल्या गावात असेल, तर गिऱ्हाईक गाव सोडून जाणार नाही.