काळ्या जमिनीवरील घरांच्या पायाच्या व जोत्याच्या भेगा

नवे घर बांधून तीन-चार वर्षे होत नाहीत तोच जोत्यावर एक तिरपी भेग दिसू लागते. गवंड्यास बोलावून ती सिमेंटने भरून घेतली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी किंवा शेजारी वीतभर अंतरावर पुन्हा उघडते. काळ्या जमिनीच्या पट्ट्यात हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आलेला असतो. दोष कधी गवंड्यास दिला जातो, कधी सिमेंटास, क्वचित दैवासही. परंतु बहुतेक वेळा ही भेग भिंतीत जन्मलेली नसतेच. ती पायाखालच्या मातीत जन्मते आणि भिंतीवर केवळ दिसते. म्हणून थापी हाती घेण्यापूर्वी घराभोवतीचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. जुनी गावठाणे पांढरीवर वसली, आणि त्यामागे केवळ सुपीक जमीन वाया जाऊ नये एवढाच लाभ नव्हता. पांढरीवरच्या भिंती काळीवरच्या भिंतींइतक्या हलत नाहीत. वस्ती वाढली तशी नवी घरे गावठाणाबाहेर, कालपर्यंत ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या जमिनीवर उभी राहू लागली आणि भेगांची तक्रार वाढली.

काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेली आहे. तिच्यातील चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पुष्कळ असते. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी उडून गेले की आक्रसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या ज्या भेगांत काठी सहज उतरते, त्या याच आक्रसण्याच्या खुणा होत. खोल काळीत ऋतुमानाप्रमाणे होणारी ही हालचाल सुमारे १० ते ११ फुटांपर्यंत पोहोचते. साध्या घराचा पाया ३ ते ४ फूट खोल असतो; म्हणजे तो हलत्या थरातच टेकलेला असतो. शिवाय एकमजली घराचे वजन मातीचा फुगण्याचा जोर दाबून टाकण्यास पुरत नाही.

सगळे घर एकसारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. तसे होत नाही. घराच्या मध्यभागी जमिनीला ऊन लागत नाही, तेथील ओल टिकून राहते व माती फुगलेलीच राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळून खाली बसते. त्यामुळे कोपरे खचतात, मधली फरशी घुमटासारखी उचलली जाते आणि दारे चौकटीत अडू लागतात. दार अडणे ही भेगेच्या आधीची सूचना होय. ती ऐकून न घेता दार रंधून घेण्याची चाल सर्वत्र आहे!

भेग वाचावी कशी

भेगेचे रूप पाहिले असता घराचा कोणता भाग हलला, याचा बराच अंदाज येतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली तिरपी भेग वर रुंद व खाली निमुळती असेल, तर घराचा तो कोपरा खचला आहे. लांब भिंतीच्या मध्यावरची भेग खाली रुंद असेल, तर भिंतीचा मधला भाग बसला आहे. दोन भिंती जेथे मिळतात त्या कोन्यातील उभी भेग बहुधा सांधकाम नीट न केल्याची असते. बांधताना एका भिंतीचे दगड वा विटा दुसरीत गुंतवलेल्या नसतात. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा केवळ गिलावा वाळल्याच्या असतात. त्यांची चिंता नको.

आडवी भेग पडून तिच्या आसपास भिंतीला पोट आले असेल, तर मात्र ते धोक्याचे लक्षण समजावे. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

भेग हलती आहे की थांबलेली, हे ठरवल्याखेरीज ती भरू नये. त्यासाठी खर्च नाही. भेगेच्या दोन्ही अंगांस पेन्सिलीने एकेक फुली करावी, फुल्यांमधील अंतर मोजून शेजारीच तारीख व माप लिहावे. किंवा काचेची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोके गिलाव्याच्या गोळ्यांनी पक्की करावी. भेग हलली की काच तडकते. असे मोजमाप निदान दोनदा, एकदा वैशाखात व एकदा भाद्रपदात, घ्यावे. वैशाखात रुंद झालेली आणि भाद्रपदात मिटलेली भेग जमिनीच्या श्वासाबरोबर चालणारी आहे. दोन्ही वेळा तेच माप आले तर भेग जुनी व शांत आहे. दोन्ही ऋतूंत ती वाढतच गेली, तर पाया खचत आहे. गवंड्यांच्या हिशेबाने दोन सुतांपर्यंतच्या, म्हणजे पाव इंचापर्यंतच्या भेगेवर नजर ठेवून घरच्या घरी उपाय करण्यास हरकत नाही. चार सुतांच्या पलीकडे गेलेली भेग पंचायत समितीच्या अभियंत्यास दाखवावी.

आधी पाणी, मग चुना

घराभोवती एक फेरी मारली तर कारण अनेकदा डोळ्यांसमोरच असते. वळचणीचे पाणी पन्हळ नसल्याने थेट पायाशी पडते. न्हाणीचे सांडपाणी भिंतीलगतच्या खळग्यात मुरते. शोषखड्डा सोयीसाठी जोत्याला चिकटून घेतलेला असतो. शोषखड्डा ही चांगली गोष्ट आहे, पण तो भिंतीपासून निदान १०-१५ फूट दूर व उताराच्या बाजूस असावा. काळीत पाणी हळू मुरते, त्यामुळे तेथे तर अंतर अधिकच हवे. परसातील लिंबाचे वा केळीचे आळे जोत्याला टेकलेले असेल, तर त्या कोपऱ्याखालची माती बारमाही फुगलेली आणि बाकीची कोरडी राहते. भिंतीला फाडण्यास एवढा फरक पुरतो. ज्या शिवारात नुकतेच कालव्याचे पाणी आले आहे, तेथे घराला लागून उसाचे पाट काढल्यानेही हेच घडते.

झाडांचा विचार वेगळा करावा लागतो. मोठे झाड उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेते, यास्तव नवे झाड लावताना त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर घरापासून सोडावे. मात्र घराजवळचे जुने मोठे झाड एकाएकी तोडणेही अपायकारक ठरते. त्याने आजवर शोषलेले पाणी आता जमिनीत राहते, माती फुगते आणि आतापर्यंत धड असलेली भिंत फुटते. भिंतीतच उगवलेले पिंपळाचे वा उंबराचे रोप मात्र दिसताक्षणी मुळासकट काढावे. वरवर छाटले तर ते दुप्पट जोमाने फुटते.

पाण्याची वाट लावल्यावर घराभोवती फरसबंदीचा पट्टा करावा. हा सर्वांत उपयोगी उपाय आहे आणि तो बहुतेक घरी केलेला आढळत नाही. जोत्यालगतची काळी माती ४ ते ५ फूट रुंद व फूट-दीड फूट खोल काढून तेथे मुरूम थरांनी भरावा, पाणी मारून धुमसाने ठोकावा. वर जाड प्लास्टिकचा कागद अंथरून फरशी किंवा काँक्रीट करावे. उतार घरापासून दूर, दर ३ फुटांस दीड ते दोन इंच ठेवावा. फरशी जोत्याशी एकजीव करू नये. मध्ये बोटभर फट सोडून ती डांबराने भरावी, म्हणजे पट्टा हलला तरी भिंतीस ओढणार नाही. पट्ट्याच्या कडेने उथळ गटार काढावे. हा पट्टा पायालगतच्या मातीला उन्हापासूनही राखतो आणि पावसापासूनही, आणि तिची ओल वर्षभर सारखी राहू लागते. पुष्कळ घरांत एवढ्यानेच एक-दोन वर्षांत भेगांची हालचाल मंदावते.

मातीच्या भिंतींच्या घरांत घुशींचीही पाहणी करावी. घुशीने पाया पोखरला असेल तर बिळे खोदून दगडाचे तुकडे, फुटकी काच व मुरूम ठासावा.

भरण्याची रीत

भरण्याचे काम मार्गशीर्ष-पौषात घ्यावे. तेव्हा जमीन पूर्ण फुगलेलीही नसते आणि पूर्ण वाळलेलीही नसते. वैशाखात पूर्ण उघडलेल्या भेगेत कडक सिमेंट ठासले, तर पावसाळ्यात भिंत मिटू पाहते, सिमेंट तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवी भेग फुटते. याच कारणाने हलत्या भिंतीसाठी निव्वळ सिमेंटचा कडक मसाला योग्य नव्हे. १ भाग सिमेंट, २ भाग नीट विरलेला चुना व ९ भाग वाळू असा मऊ मसाला घ्यावा. तो थोडा वाकतो, फुटला तरी केसाएवढा फुटतो.

भेगेतील सुटे चुरे खरवडून काढावेत. खाच तोंडाशी अरुंद व आत रुंद करावी, म्हणजे मसाला निसटत नाही. कुंच्याने धूळ काढून आतील बाजू ओली करावी. कोरडी वीट मसाल्याचे पाणी पिऊन टाकते. मसाला दगडाच्या चिपांसह थरांनी दाबून भरावा व सात दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. रुंद पण शांत भेगेला टाके घालावे लागतात: दर दोन फूट उंचीवर भेगेच्या दोन्ही बाजूंचे दगड काढून दीड फूट लांबीचा एक दगड आडवा बसवावा. कच्च्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मुळीच करू नये. त्यामागे ओल अडकते, भिंतीला लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे निघून येतात. तेथे भुसा घालून कुजवलेली त्याच जातीची मातीच चांगली.

पाया खचतच असेल तर त्याखाली नवा आधार द्यावा लागतो. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. छप्पर व भिंत टेकू लावून धरावी आणि पायाखाली एका वेळी ३ ते ४ फूट लांबीचाच तुकडा खणावा. तो बांधून पक्का झाल्यावर एक तुकडा सोडून पुढचा घ्यावा. सगळी भिंत एकदम उघडी पाडणे म्हणजे ती अंगावर घेणे होय. नवे घर बांधावयाचे असेल तर पाया काळीखालच्या घट्ट मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तेथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला, तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया घेता येतो.

पोट आलेली दगडी भिंत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्यांतील बहुतेक घरांतच झोपलेली होती. भिंती जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरचा एक व आतला एक असे दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती व चिपांची भर, वर मातीच्या जड माळवदाचे ओझे. दोन पदरांना आरपार जोडणारे दगड नसल्याने पदर एकमेकांपासून सुटले आणि भिंती दोहोंकडे ढासळल्या.

अशा बांधणीची घरे आजही गावोगाव उभी आहेत. पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यातून आत झिरपले की मधली भर खाली बसते, बाहेरचा पदर पोट काढतो आणि त्यावर आडवी भेग दिसते. ही भेग भरून काही साधत नाही. ओळंबा लावून पाहावे. भिंत लक्षात येण्याजोगी बाहेर झुकली असेल तर त्या खोलीत झोपणे त्याच दिवशी बंद करावे, माळवदास आतून टेकू द्यावेत व फुगलेला भाग वरून खाली उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधावा. पोट अद्याप आलेले नसेल तर दोन्ही पदर जोडून घेता येतात. सुमारे ३ ते ४ फुटांच्या अंतराने, एका सरळ रेषेत न येतील अशा बेताने, दोन्ही बाजूंचे एकेक दगड पहारीने हलकेच काढून आरपार भोक करावे. हातोडा मारू नये, भिंत खिळखिळी होते. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरावे. भिंतीच्या माथ्यावर पाणी शिरणार नाही असे पक्के आच्छादन करावे आणि माळवदावर दरवर्षी नवी माती चढवण्याऐवजी जुनी थोडी उतरवावी. वर्षानुवर्षे चढत गेलेला हा थर पुष्कळ घरांत दोन फुटांवर जातो.

तळघर व पेव

जुन्या वाड्यांच्या तळघरांत भेगेतून पाणी येते, तेव्हा आतून सिमेंट लावण्याचा मोह होतो. पाणी बाहेरून दाबत असते, म्हणून आतला गिलावा काही दिवसांत सुटतो. शक्य असेल तेथे बाहेरची माती उकरून भिंतीची बाहेरची बाजू दुरुस्त करावी व तिच्यालगत दगडगोट्यांचा थर भरून पाण्यास उताराकडे वाट द्यावी. तळघराच्या भिंतीला मध्यावर आडवी भेग पडून ती आत झुकत असेल, तर बाहेरची माती ढकलत आहे असे समजून आतून आधार देईपर्यंत तेथे वावरू नये. तळघरात किंवा बळदात बियाणे ठेवणाऱ्यांनी पोती ओल्या भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. भेगेतली ओल बियाण्याची उगवणशक्ती गुपचूप मारते.

पेवाची गोष्ट याहून अवघड आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती, परंतु २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरून मालाचे नुकसान झाले. जेथे पेवे अद्याप वापरात आहेत, तेथे त्यांच्या भिंतीची भेग मुरमाच्या चिकणात शेण कालवून लिंपावी आणि तोंडाभोवती उंचवटा करून पावसाचे पाणी वळवावे. लिंपण्यासाठी आत उतरण्यापूर्वी तोंड उघडून निदान एक पूर्ण दिवस हवा खेळू द्यावी. कंदील विझला नाही म्हणजे हवा निर्धोक झाली, असे समजू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून दोन माणसांनी वर थांबावे, आणि तो आत कोसळला तर कोणीही त्याच्यामागे उडी न टाकता दोराने त्यास वर ओढावे.