डुकरांच्या वाड्यातील पाणी : खत कसे करावे, रोग कसा टाळावा

कोसाड २००६ साली सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि शेतांच्या जागी घरे उभी राहिली. तरीही आपल्यापैकी काहींची शेती सायण-ओलपाडच्या बाजूला आहे, आणि ज्यांच्याकडे पाच-दहा डुकरे आहेत त्यांच्यापुढे एक प्रश्न रोज सकाळी येतो : वाडा धुतल्यावर ते पाणी जाते कुठे? बहुधा चरातून वाहत जाऊन ते एखाद्या खड्ड्यात साचते. वास सुटतो, डास होतात, आणि तोच शेतकरी दुपारी युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो. गाईचे शेण आपण जपून ठेवतो, पण डुकराचे शेणमूत फेकून देतो. वसईत काय, गोव्यात काय, डुकराकडे आपण सणाचे मांस म्हणूनच पाहत आलो आहोत.

प्रथम हिशेब पाहू. साठ किलोचे डुक्कर दिवसाला चार ते पाच लिटर शेणमूत देते. दहा डुकरांचे झाले पंचेचाळीस लिटर. तेवढेच धुण्याचे पाणी धरले, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ११,००० लिटर द्रवखत जमते. त्यात, खाणे चांगले असेल व खत नीट साठवले असेल तर, अंदाजे २० किलो नत्र मिळते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीइतके. शिवाय स्फुरद आणि पालाश मिळतात ते वेगळेच. उसाला एकरी सुमारे १०० किलो नत्र लागते, तेव्हा दहा डुकरांवर उसाचा मळा पिकेल अशी आशा कोणी धरू नये. पण अर्ध्या एकरावरील उसाचा किंवा हिरव्या चाऱ्याचा एक हप्ता त्यात निघतो.

हे खत साठवायला कच्चा खड्डा चालत नाही. तापीकाठच्या आपल्या जमिनीत पावसाळ्यात पाणी फार वर येते आणि खड्ड्यातील घाण विहिरीला व बोअरला मिळते. विटा-सिमेंटची टाकी बांधावी. वरच्या हिशेबाला दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद व तेवढीच खोल टाकी पुरते. तिच्यावर पत्रा घालावा, नाहीतर आपण पावसाचेच पाणी साठवून बसू. वाडा धुण्यापूर्वी शेण फावड्याने ओढून वेगळे काढावे; पाणी निम्मे लागते. हे घट्ट शेण उसाच्या पाचटात थर देऊन रचावे. आपल्याकडे पाचट पेटवून देतात. ते जाळण्यापेक्षा त्यात मूत जिरवले तर नत्र हवेत कमी उडते, आणि ढीग वारंवार उलटत राहिले की आतील उष्णता ५५ अंशांच्या वर जाऊन जंतू व जंतांची अंडी मरतात. द्रवखतापेक्षा आम्हांला हाच मार्ग अधिक पसंत आहे. ज्याच्याकडे जागा आणि पाचट दोन्ही आहेत, त्याने टाकी लहानच ठेवावी.

टाकीविषयी एक गोष्ट घरातील मुलांनाही सांगून ठेवावी. द्रवखत ढवळले की त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. तो वाढला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. म्हणून टाकीत कधीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. बादली पडली तर पडू द्यावी. ढवळताना वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बाहेर उभे राहावे आणि विडी-काडी दूर ठेवावी, कारण टाकीत पेट घेणारा वायूही असतो.

आता शेतात घालण्याचे. यातील बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपात असते. दुपारच्या उन्हात ते जमिनीवर ओतले तर मोठा भाग काही तासांतच उडून जातो, आणि गावाला मिळतो तो फक्त वास. डेन्मार्क-हॉलंडमध्ये डुकरे इतकी झाली की हे खत जमिनीच्या आत घालण्याचे कायदे करावे लागले. युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेट-प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांत जनावरांच्या खतातून मिळणाऱ्या नत्राला वर्षाला हेक्टरी १७० किलोंची मर्यादा घातली. आपल्याकडे यंत्र नसले तरी सरी आहे. उसाच्या लावणीपूर्वी दहा-पंधरा दिवस, किंवा तोडणीनंतर खोडव्याच्या बगलेला सरी फोडून, संध्याकाळी खत ओतावे आणि लगेच मातीने झाकावे. कोवळ्या रोपांच्या मुळाशी घालू नये, पाने करपतात. पाऊस तोंडावर असताना तर मुळीच नको. काळ्या जमिनीवरून ते थेट पाटात जाते. शेजाऱ्याच्या पाटात गेले तर प्रश्न केवळ वासाचा राहत नाही, कित्येकांच्या धर्मात डुक्कर वर्ज्य आहे. बांधापासून चार-पाच पावले सोडावीत. शहरहद्दीत डुकरे ठेवण्यापूर्वी महानगरपालिकेत विचारून घ्यावे.

कच्च्या खाण्याच्या भाज्यांना, म्हणजे मुळा, कोथिंबीर, काकडी यांना, हे द्रवखत देऊ नये. जंतांची अंडी टाकीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. फीतकृमीची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून डुकराकडे जातात, डुकराच्या शेणातून आपल्याकडे येत नाहीत. गोव्यातील जुन्या घरांत शौचकूप आणि डुकरांचा वाडा एकत्र असे, तेथे हा धोका होता. डुक्कर बांधून ठेवा, घरात शौचालय वापरा, मांस पूर्ण शिजवा.

सर्वांत मोठा धोका भाताच्या चिखलात आहे. सुरत, नवसारी, वलसाड व तापी या जिल्ह्यांत १९९० च्या दशकापासून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा ताप येत आहे, आणि तो प्रामुख्याने भात-उसाच्या शेतात राबणाऱ्यांना होतो. उंदीर, गुरे व डुकरे यांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या चिरेतून, भेगेतून अंगात शिरतात. टाकीत राहून हे जंतू घटतात, पण संपतील याचा भरवसा नाही. म्हणून लावणीच्या भातखाचरात हे खत कधीही सोडू नये. वाडा धुताना व खत ओतताना गमबूट घालावेत, जखमेवर पट्टी बांधावी, काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. वाड्याभोवती दाणा सांडू देऊ नये. उंदीर त्यावरच येतात. पावसाळ्यात आरोग्य खात्याकडून शेतमजुरांना आठवड्याची प्रतिबंधक गोळी दिली जाते. आरोग्य केंद्रात विचारावे, पण मनाने औषध घेऊ नये.

ताप चढला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. अंग पिवळे पडले की आपल्याकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतात. त्यात जे दोन-तीन दिवस जातात, तेवढ्यात मूत्रपिंडे बंद पडू शकतात. डॉक्टरांना नुसता ताप सांगू नये. घरी डुकरे आहेत आणि आपण चिखलात उभे राहून काम केले आहे, हे आपण होऊन सांगावे.