‘सिफ्ट थ्रू’ : चाळणे की धुंडाळणे?



इंग्रजीतील काही क्रियापदांना लहानसे अव्यय जोडले की त्यांचा अर्थ पालटतो. ‘सिफ्ट थ्रू’ हे त्यांपैकीच एक होय. शब्दकोशात ‘सिफ्ट’ म्हणजे चाळणे असा अर्थ सापडतो. तो खरा आहे. परंतु तेवढाच सांगून थांबल्यास मुलांचा घोटाळा होतो. मराठीत ‘पुस्तक चाळले’ म्हणजे वरवर पाने उलटली. ‘सिफ्ट थ्रू’चा भाव नेमका उलट आहे : ढिगातील एकेक वस्तू नीट पाहून हवी ती वेगळी काढणे.

हा भाव मुलांच्या मनावर ठसविण्यास पुण्याच्या मार्केट यार्डाचे उदाहरण घ्यावे. तेथील भुसार बाजारात पोत्यातले मूठभर धान्य तळहातावर पसरून खडा, काडी, किडका दाणा पारखला जातो. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी येते. समजा, ती पट्टी घरातील कागदांच्या गठ्ठ्यात गेली आणि आईने एकेक कागद पाहून ती शोधली. मग फळ्यावर लिहावे :

‘मदर सिफ्टेड थ्रू द पेपर्स फॉर द रिसीट.’

येथे तीन गोष्टी ध्यानात आणून द्याव्यात.

1. ‘थ्रू’नंतर ढीग येतो, हरवलेली वस्तू ‘फॉर’नंतर येते. मराठीतही आपण पट्टी ‘शोधतो’, पण गठ्ठा ‘धुंडाळतो’. म्हणून ‘सिफ्ट थ्रू द रिसीट’ म्हटल्यास पावतीतीलच मजकूर बारकाईने तपासला, असा अर्थ होईल.

2. ‘सिफ्ट’ व ‘थ्रू’ यांच्यामध्ये कर्म घालू नये. ‘सिफ्ट थ्रू देम’ बरोबर. ‘सिफ्ट देम थ्रू’ चूक. प्रत्यक्ष चाळणीने वाळू चाळताना मात्र ‘सिफ्ट द सॅन्ड’ एवढेच पुरते.

3. ‘सिस्टर’ला ‘शिस्टर’ म्हणणारी मुले ‘सिफ्ट’ला ‘शिफ्ट’ म्हणतात. ‘शिफ्ट’ म्हणजे हलविणे. अर्थ बदलतो, म्हणून उच्चार घोटून घ्यावा.

नंतर प्रत्येक गटास जुन्या कागदांचा गठ्ठा द्यावा, त्यातून एक विशिष्ट कागद शोधावयास सांगावे आणि केलेली कृती वरील नमुन्याप्रमाणे इंग्रजीत बोलवून घ्यावी.

शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई व हाती पडणारी रक्कम लिहिलेली असते. असा कागद वरवर चाळून चालत नाही, तो बारकाईने तपासावा लागतो. हा भेद ज्या मुलास कळला, त्याला एका शब्दाबरोबर घरच्या उपयोगाची एक सवयही लाभली.